वळूघोड्याचं वेळापत्रक

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कँटरबरी नावाचा सपाट मुलूख आहे. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, पूर्वेला समुद्र आणि मधे नांगराला आवतण देणारी जमीन. तिथल्या 'तिमारू हेरल्ड'चा किंवा 'ॲशबर्टन गार्डियन'चा 1880 च्या दशकातला सप्टेंबर-ऑक्टोबरमधला एखादा अंक काढला, की बोटींच्या वेळा, बियाण्याचा गहू आणि लिलावाच्या नोटिसा यांच्या गर्दीत घोड्याची छोटी चित्रं दिसतात. चित्राखाली ठसठशीत अक्षरांत घोड्याचं नाव. मग रंग, उंची, बाप, आजा, आईचा बाप, कुठल्या प्रदर्शनात पहिला आला, सगळं साग्रसंगीत. आणि तळाशी बारीक टायपात दर, वार आणि गावं. हा वळूघोडा या हंगामात अमुक भागात फिरेल, ज्यांना घोडी भरवायची असेल त्यांनी ठरल्या वारी ठरल्या जागी आणावी.

ही जुनी वर्तमानपत्रं न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने छायाप्रती काढून सगळ्यांना खुली केली आहेत. माझी नोकरी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात गाई-म्हशींना कांडी भरण्यात, म्हणजे कृत्रिम रेतनात गेली. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मी या जाहिरातींत रमलो. घोड्यांचे शौकीन त्यातली वंशावळ वाचतात. मी आधी बारीक टाइप वाचतो. वंशावळ ही मालकाची हौस असते, धंदा तळाच्या चार ओळींत असतो.

त्या बेटांवर घोडा हा प्राणी मुळात नव्हताच. डिसेंबर 1814 मध्ये सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्याने ऑस्ट्रेलियातून बोटीने पहिले घोडे उत्तरेकडच्या किनाऱ्यावर उतरवले. कँटरबरीत इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली जहाजं लागली ती 1850 च्या डिसेंबरात. सुरुवातीला तिथे मेंढ्या होत्या, जड ओढकामाला बैल होते. पण 1870 नंतर मैदानावर गव्हाचा सपाटा सुरू झाला आणि बैल मागे पडला. दोन फाळांचा लोखंडी नांगर, कापून पेंढ्या बांधणारं यंत्र, स्टेशनापर्यंत पोत्यांनी भरलेली गाडी, या सगळ्यांना जोर हवा आणि चालही हवी. ते काम अंगापिंडाने दणकट घोड्याचं. मग जो तो शेतकरी तसल्या घोड्याच्या शोधात. स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकच जात होती: क्लाइड्सडेल. क्लाइड नदीच्या खोऱ्यातला हा घोडा खांद्याशी सहसा साडेपाच फुटांच्या आसपास भरतो, काही त्याहून उंच. वजन आठ-नऊशे किलोपर्यंत आणि खुरांवर रेशमासारखी लोंबती केसाळी. आपल्याकडचं भीमथडी तट्टू त्याच्या पोटाखालून जाईल असं वाटावं.

पण असा वळू स्कॉटलंडहून आणायचा म्हणजे शिडाच्या जहाजाने तीन-तीन महिन्यांचा प्रवास. जनावर अरुंद कप्प्यात उभं, वादळात पडू नये म्हणून पोटाखाली झोळी. त्यातून जे जिवंत आणि धडधाकट उतरेल त्याची किंमत साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात कुठली असणार? घोड्या मात्र प्रत्येकाकडे होत्या, कुठल्या कुठल्या, मिसळलेल्या रक्ताच्या. म्हणजे सुधारणा करायची तर ती बापाकडूनच. एक चांगला वळू हंगामात ऐंशी-शंभर घोड्यांना पुरतो. त्याची घोडीमागे फी तीन ते पाच पौंडांच्या घरात असे. शेतमजुराच्या काही आठवड्यांच्या कमाईइतकी ती रक्कम, पण वळू विकत घेण्यापुढे काहीच नाही.

आता खरी मेख. त्यांचा वसंत म्हणजे आपला सप्टेंबर ते नोव्हेंबर. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. त्याच दिवसांत पेरणीची घाई असते. ज्या घोडीला भरवायचं, तीच नांगराला जुंपलेली. तिला वळूपर्यंत दहा-पंधरा मैल चालवत न्यायचं, आणायचं म्हणजे दोन दिवस नांगर उभा. घोडी नेण्यापेक्षा वळूच दारात आणा, हा हिशेब शेतकऱ्याने केला आणि त्यातून फिरता वळू जन्माला आला.

त्याची फेरी एसटीच्या वेळापत्रकासारखी बांधलेली असे. समजा सोमवारी तिमारूहून निघाला, रात्री प्लेझंट पॉइंट. पुढे जेराल्डाइन, मग टेमुका, आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा तिमारूत. पुढच्या आठवड्यात तेच वार, त्याच गावच्या खानावळीचा तबेला. शहरातल्या वाचकाला हा नुसता शिस्तीचा भाग वाटेल. माझ्यासारख्याला त्यात घोडीचं शरीरशास्त्र दिसतं. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज पाच-सात दिवस टिकतो. म्हणजे दर आठवड्याला वळू दारावरून गेला तर कुठलाही माज हातचा जायला नको. आणि आज भरवलेली घोडी बरोबर तिसऱ्या फेरीला पुन्हा दाखवता येते. वळूला पाहून कान पाडले, किंचाळली, लाथ झाडली तर शुभ समजायचं, ती बहुधा गाभण राहिली. शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली तर उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. व्यायलेल्या घोडीचा पहिला माज तर आठ-दहा दिवसांतच येतो, तोही या फेरीत सापडतो. आमच्याकडे कांडी भरल्यावर 'एकवीस दिवसांनी लक्ष ठेवा' हे मी प्रत्येक गोठ्यात सांगत आलो. त्या मुलखात ती आठवण जाहिरातीतल्या वारांतूनच मिळत होती.

घोडा आणि घोडी समोरासमोर सरळ सोडत नसत. मधे मजबूत फळ्यांचं कुंपण ठेवून आधी तिची मर्जी बघायची. नको असलेल्या घोडीची एक लाथ चुकीच्या जागी बसली तर वळूचा हंगाम संपला, आणि मालकाचं वर्षही. हे सगळं ज्याच्या हातात तो मोतद्दार. स्वतः हलक्या घोड्यावर बसून, बाजूला एक टनाच्या जवळपास वजनाचं अंडील जनावर लांब दोरावर धरून, तो महिनोन् महिने रस्त्यावर. वाटेत राकाइया, रांगिताता अशा नद्या. पसरट, धार बदलणाऱ्या, बर्फाच्या पाण्याने अचानक फुगणाऱ्या. त्या काळात न्यूझीलंडमध्ये नदीत बुडून इतकी माणसं मरत की त्याला त्या देशाचंच खास मरण म्हणत. मुक्कामी पोचल्यावर खरारा, खुरं बघणं, केसाळीतला चिखल काढणं, ओट मोजून देणं. त्याची वेगळी फी जाहिरातीत असे, बहुतेक पाच शिलिंग, आणि ती घोडीमागे रोख. मालकाची फी उधारीवर चालेल, मोतद्दाराची नाही! मला ही ओळ फार आवडते.

उधारीचंही तंत्र होतं. फी बहुधा जानेवारीच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला द्यायची. तिकडे गव्हाची कापणी त्याच सुमाराची. सुगीआधी शेतकऱ्याच्या खिशात काही नसतं, हे मालकाला ठाऊक होतं. काही जण शिंगरू ठरल्यासच पैसे घेत, अर्थात दर चढा. सोबत अटी येत: मध्यंतरी घोडी विकली किंवा तालुक्याबाहेर नेली तर ती गाभण धरून पूर्ण फी द्यावी लागेल, कुरणात ठेवलेल्या घोडीची काळजी घेऊ, पण काही झाल्यास जबाबदारी नाही. यातली प्रत्येक अट कुणीतरी कधीतरी कुणालातरी गंडवल्याचा पुरावा आहे असं समजून वाचा, मजा येते.

गंडवणं दुसऱ्या बाजूनेही होई. कागदावर स्कॉटलंडचा आजा, आणि पायात हाडाची गाठ किंवा पळताना घशातून शिट्टी. हे दोष पिलांत उतरू शकतात. म्हणून हंगामाच्या तोंडावर कृषी मंडळं वळूंची परेड भरवत. शेतकरी कठड्याला टेकून बघत: चाल सरळ आहे का, खूर रुंद आहे का, गुडघ्याखालचं हाड सपाट आहे का. छापील स्तुतीपेक्षा या कठड्यावरच्या लोकांवर मी जास्त विश्वास ठेवीन. ब्रिटनमध्ये फिरत्या वळूला सरकारी परवाना सक्तीचा करणारा कायदा व्हायला 1918 साल उजाडलं.

शर्यतीच्या रक्ताचे वळूही याच पानांवर असत. 1862 मध्ये कँटरबरीत आलेला ट्रड्यूसर हा इंग्लिश घोडा स्वभावाने इतका दुष्ट की माणसं त्याच्याजवळ जायला धजत नसत. पण त्याचा मुलगा सर मॉड्रेड पुढे अमेरिकेत गेला आणि 1894 मध्ये तिथल्या वळूंत पहिला ठरला.

आपल्याकडे त्याच काळात इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत अरबी आणि इंग्लिश वळूघोडे ठेवले होते, पण ते पलटणींना घोडे मिळावेत म्हणून. आपल्या शेताला बैल होता. कुणब्याला त्या घोड्याचं अगत्य असण्याचं कारण नव्हतं. कँटरबरीत सरकारने बोट न हलवताही धंदा चालला, कारण शिंगरू चौथ्या वर्षी त्याच शेतकऱ्याचा नांगर ओढणार होतं. 1911 मध्ये दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात घोडे चार लाखांवर पोचले होते. पहिल्या महायुद्धात दहा हजारांच्या वर घोडे परदेशी गेले, त्यातले चार परत आले. मग ट्रॅक्टर आला आणि जाहिरातींतली चित्रं एकेक करून गेली.

शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांत मात्र कृत्रिम रेतनाला आजही बंदी आहे. त्या जातीच्या नोंदवहीत शिंगरू घालायचं तर नैसर्गिक संयोगच लागतो. त्यामुळे वळूला फिरावंच लागतं. उत्तर गोलार्धाचा हंगाम उरकला की आयर्लंडचे, इंग्लंडचे नामांकित वळू जुलै-ऑगस्टमध्ये विमानाने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला येतात, दक्षिणेचा वसंत उरकतात आणि डिसेंबरच्या सुमारास परत जातात. डेनहिल नावाच्या घोड्याने 1990 पासून ही पद्धत रुळवली. फीचे आकडे आता ऐकवत नाहीत, पण करारात शिंगरू जिवंत उभं राहिलं तरच पैसे, ही अट तशीच आहे.