राखीगढी ते फरीदाबाद: नमुन्यांच्या नोंदींचा प्रवास

पानिपतजवळच्या काला अंब या युद्धस्मारकापाशी दर 14 जानेवारीला मराठी माणसे जमतात, तसे हरियाणातल्या रोड समाजाचे लोकही येतात. 1761 च्या लढाईनंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असे त्यांच्यातले अनेक जण मानतात. ‘डीएनए तपासा, लगेच कळेल’ असे आता सहज म्हटले जाते. 2018 च्या अखेरीस वायव्य भारतातल्या समाजांच्या जनुकीय वारशावर एक शोधनिबंध आला, त्यात रोडही होते. पण त्याचा रोख सिंधू खोऱ्याच्या प्राचीन वारशावर होता, पानिपतवर नव्हता. या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर साताऱ्यातला नमुना आणि कर्नालमधला नमुना एकाच पद्धतीने घेतलेला, तपासलेला आणि नोंदवलेला हवा. ही शिस्त आपल्याकडे कशी येत गेली, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात हरियाणातच सापडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने हिसार जिल्ह्यात राखीगढीला उत्खनन केले. तिथल्या सांगाड्यांचे 61 नमुने तपासले गेले आणि उपयोगी डीएनए मिळाला तो फक्त एका स्त्रीचा. 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तिची ओळख होती ‘आय6113’. तिच्यावरचे काम हैदराबाद आणि हार्वर्ड इथल्या प्रयोगशाळांत झाले. एकाच हाडाच्या चिमूटभर भुकटीपासून शंभराहून अधिक वेळा तपासणीसाठी डीएनए तयार करून पाहावा लागला. त्यातली एक नळी चुकीच्या नावाने ठेवली गेली असती, तर साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती स्त्री आपल्या हातून निसटू शकली असती.

प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, ज्याला तिथले लोक ‘लिम्स’ म्हणतात, नेमके हेच सांभाळते. नमुना आला की बारकोड लागतो. तो कोणत्या फ्रीझरच्या कोणत्या कप्प्यात आहे, कोणत्या लॉटचे रसायन वापरले, कोणत्या प्लेटच्या कोणत्या खाचेत तो गेला, यंत्राची शेवटची तपासणी केव्हा झाली, हे सगळे त्या बारकोडला जोडले जाते. टप्पा चुकला तर पुढचा टप्पा उघडतच नाही. रजिस्टरमध्ये हे लिहिता येते, पण दिवसाला हजार नमुने आले की लिहिणाऱ्याचा हात थकतो.

2020 ने ते दाखवून दिले. जानेवारीत देशातला पहिला कोरोना रुग्ण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या तपासणीने निश्चित झाला. ऑगस्टमध्ये देशात एका दिवसात दहा लाख चाचण्या झाल्या. मधल्या काळात कागदी अर्जांच्या जागी राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचे (एनआयसी) मोबाइल ॲप आले, प्रत्येक नमुन्याला एसआरएफ आयडी हा ओळख क्रमांक मिळाला आणि निकाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पोर्टलवर भरले जाऊ लागले. नोंद एक झाली, मोजमाप मात्र एक झाले नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने सीटी मूल्याची, म्हणजे चाचणीच्या कितव्या चक्रात विषाणू दिसला त्या आकड्याची, मर्यादा 24 धरावी का, असे विचारले. आयसीएमआरने 35 वरच राहायला सांगितले. एका किटचे 24 आणि दुसऱ्या किटचे 24 सारखे नसतात, हे त्यामागचे एक साधे कारण. माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा धडा हाच होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

विषाणूच्या जनुकक्रमांच्या बाबतीत आपण बरे शिकलो. डिसेंबर 2020 मध्ये हे क्रम तपासणारे दहा प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे उभे राहिले. पुण्यातली विषाणू संस्था आणि पेशी विज्ञानाची एनसीसीएस ही संस्था दोन्ही त्यात होत्या. विषाणूचा नमुना कोणत्या वंशावळीतला ते ठरवण्याचे काम ‘पँगोलिन’ या खुल्या सॉफ्टवेअरने केले. म्हणूनच महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ठळकपणे दिसलेला बी.1.617 हा प्रकार जगभर त्याच नावाने ओळखता आला. पुढे त्याच्याच एका शाखेचे नाव डेल्टा झाले.

काला अंबहून दिल्ली ओलांडली की फरीदाबाद लागते. तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले. जानेवारी 2025 मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पातली दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती तिथे संशोधकांसाठी खुली झाली. अनेक संस्थांनी वेगवेगळ्या राज्यांत घेतलेले नमुने शेजारी ठेवून पाहता येतात, ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मात्र कितीतरी संशोधन अजून विद्यार्थ्याच्या खाजगी वहीत असते, आणि तो पदवी घेऊन गेला की वहीही जाते. ‘ईलॅबएफटीडब्ल्यू’, ‘सेनाइट’ यांसारखी खुली सॉफ्टवेअर मोफत आहेत. साधा संगणक, एक बारकोड प्रिंटर आणि विभागप्रमुखाचा आग्रह एवढ्यावर सुरुवात होते. मार्गदर्शकांनो, पुढचा पीएचडीचा विद्यार्थी रुजू होण्याआधी ती करा.