सीलच्या मिशा आणि आरमाराची थैली

फिनलंडमधील सायमा सरोवरातील काही सील पूर्ण आंधळे असूनही चांगले धष्टपुष्ट असतात, ही गोष्ट हेइक्की ह्युव्हारिनेन या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये निदर्शनास आणली. काळोख्या पाण्यात हे जनावर मासळी पकडते ते मिशांच्या जोरावर, असा तर्क त्यातून निघत होता. २००१ मध्ये गिडो डेनहार्ट व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी तो प्रयोगाने पक्का केला. सीलचे डोळे झाकले, एक चिमुकली पाणबुडी पाण्यात सोडली आणि तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून सीलच्या कानांवर हेडफोन चढविले. पाणबुडी थांबल्यावर मोकळा सोडलेला सील तिने कापलेल्या वाटेने नेमका तिच्यापाशी पोहोचला. मिशा झाकताच मात्र त्याला काहीच उमगेना.

यात खरे नवल आहे ते मिशीच्या स्थैर्याचे. वाहत्या पाण्यात धरलेली काठी थरथरते, कारण तिच्यामागे आळीपाळीने सुटणारे भोवरे तिला हलवितात. पोहणाऱ्या प्राण्याची मिशीही अशीच थरथरली, तर माशाने मागे ठेवलेली अंधूक हालचाल तिला कोठून कळावी? सीलची मिशी चपटी असून तिची जाडी लाटेसारखी कमीअधिक होत जाते. त्यामुळे भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि मिशी जवळजवळ निश्चल राहते. समुद्रसिंहाच्या मिशीत असा चढउतार नसतो. तिच्या मानाने सीलच्या मिशीवरील हलविणारा जोर निदान दहापटीने कमी असल्याचे २०१० मध्ये आढळले. अमेरिकेतील हेदर बीम व मायकेल ट्रायान्टाफिलू यांनी कृत्रिम मिशी घडवून २०१५ मध्ये दाखविले की, दुसऱ्या वस्तूमागील भोवऱ्यांत शिरताच तीच मिशी त्यांच्या तालावर डोलू लागते.

या मिशीचा मोठा गुण म्हणजे तिचे मौन. सोनार पाण्यात आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकते. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ सागरी सस्तन प्राणी, बहुतांशी देवमासे, किनाऱ्याला लागले व त्यांतील काही मेले. आपल्या जहाजांचे सोनार हेच त्याचे संभाव्य कारण असल्याचे अमेरिकी आरमाराला पुढे मान्य करावे लागले.

मिशी सोनारची जागा घेईल, असे मात्र नव्हे. पुढे खडक आहे काय, हे तिला सांगता येत नाही; जे गेले त्याचाच माग तिला लागतो, आणि लाटांच्या धुमाळीत तोही पुसला जातो. शिवाय समुद्रातील कोणत्याही यंत्रावर शेवाळ चढते. सीलची मिशी झडून पुन्हा उगवते, यंत्राची कशी उगवणार?

या अमेरिकी संशोधनामागे तेथील आरमाराच्या संशोधन कार्यालयाचे अर्थसाहाय्य होते. तेव्हा माग प्रथम कोणाचा काढला जाईल, हे उघड आहे. पैसा आरमाराचा म्हणून शोध टाकून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. सोनारही युद्धाच्या गरजेतून वाढले आणि मग मच्छीमारांच्या हाती आले. पण या वेळी ती वाट पाहण्याचे कारण नाही. मिशीच्या आकाराची मापे शोधनिबंधांतून प्रसिद्ध झालेली आहेत. देवमाशांच्या वावराच्या पाण्यात माशांच्या थव्यांचा माग काढण्यासाठी तिचा उपयोग होतो काय, हे मत्स्यसंशोधन संस्थांनी आताच तपासावयास हवे.