पानथरीतील रक्तवाहिन्यांच्या गाठी

पानथरी वाढणे हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवे नाही. हिवतापाने खंगलेल्या मुलाच्या डाव्या कुशीला वैद्याचा हात लागला, की हेच शब्द कानी पडत. परंतु पानथरीत गाठही होऊ शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते. मग दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते, आणि घरातल्या सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. गाठ म्हणजे कर्करोग, असे आपण धरूनच चालतो!

पण प्रत्येक गाठ तशी नसते. प्रौढ माणसाची पानथरी सुमारे १५० ग्रॅम वजनाची. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून निवडून काढणे हे तिचे एक काम. त्यासाठी ती रक्ताच्या बारीक पोकळ्यांनी भरलेली असते. तेव्हा तिच्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी उपजाव्यात यात नवल नाही. त्यांतली अधिक आढळणारी हेमँजिओमा. ती जन्मजात दोषातून येते असे मानतात. दुसरी, फारच विरळा, लिटोरल सेल अँजिओमा. लिटोरल म्हणजे काठावरचा. त्या पोकळ्यांच्या काठाला असलेल्या अस्तरपेशींची ही गाठ. १९९१ साली फाल्क, स्टुटे व फ्रिझेरा यांनी तिचे प्रथम वर्णन केले.

ती होते कशाने? काही रोग्यांत तिच्या जोडीला आतड्याचा क्रोन रोग किंवा अन्य अवयवाचा कर्करोग आढळला. त्यावरून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील बिघाड हे मूळ असावे, असा तर्क निघाला. पण आजारी माणसाचेच पोट वारंवार तपासले जाते, आणि तपासणाऱ्यालाच गाठ सापडते, हेही आपण विसरू नये. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. मात्र ही गाठ सापडल्यास अन्य रोगाचा शोध घेणे शहाणपणाचे.

मग पानथरी काढावी काय? नुसत्या चित्रावरून खात्री पटत नाही, आणि सुई घालावी तर रक्तस्रावाची भीती. म्हणून पुष्कळदा ती काढावी लागते. पानथरीवाचून माणूस जगतो, पण न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो. यासाठी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन आठवडे लस टोचतात. लहान, त्रास न देणाऱ्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठीवर मात्र पुन्हा पुन्हा तपासणी करून नुसती नजर ठेवता येते. भीतीच्या भरात पानथरी गमावू नये, तशीच गाठ साधी असेल म्हणून तपासणीही टाळू नये.