हेडर घेण्याआधी बेसलाइन घ्या

पेट, नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, 'व्हेरिएबल कंट्रोल करायचा म्हणजे नक्की काय करायचं?' व्याख्या तुम्हाला पाठ असतेच, म्हणून आज गाडीचं उदाहरण घेऊ. धडगावातल्या एका मित्राकडे जुनी दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक आहे. फेलोशिपमधून वाचवलेल्या पैशांत त्याला हेडर बसवायचाय. पैसे एकदाच खर्च होणार, त्यामुळे प्रश्न नीट मांडायला हवा.

हेडर म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वेगवेगळ्या नळ्या, ज्या पुढे जाऊन एकत्र येतात. कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड काढून तिथे हा बसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळ्या जुळतात तिथे जागा एकदम मोठी होते आणि तिथून कमी दाबाची लाट उलटी परतते. ती व्हॉल्व्ह मिटण्याआधी पोचली तर उरलासुरला वायू खेचून काढते आणि नव्या मिश्रणाला जागा मिळते.

आता थोडं गणित. ६०० अंश सेल्सियसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५८० मीटरच्या आसपास असतो. नळी एक मीटरची धरली तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे साधारण ३.४ मिलिसेकंद. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, म्हणून लाट परतेपर्यंत क्रँक सुमारे १२४ अंश फिरलेला असतो. ३००० ला तेवढ्याच वेळात फक्त ६२ अंश. नळी तीच, पण लाट पोचण्याची वेळ वेगळी. त्यामुळे 'सगळ्या आरपीएमला पॉवर वाढते' असं कुणी सांगितलं की सावध व्हा.

मग निवड कशी करायची? गाडी कुठे चालणार ते आधी लिहून काढा. चांदसैली घाटात तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असता आणि ६५०० आरपीएम क्वचितच गाठता. तिथे फोर-टू-वन रचना सोयीची. इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल तर १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या लागतात, म्हणजे जोडीतले दोन स्फोट ३६० अंशांच्या अंतराने येतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. फोर-वनचा फायदा साधारणपणे वरच्या आरपीएमला. 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच' हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य. खरं तर इंजिनाला वायूचा वेग लागतो. नळी गरजेपेक्षा रुंद घेतली की वेग मरतो, खालचा टॉर्क जातो आणि लोक दोष देतात बॅक प्रेशर कमी झाल्याला! कारण आणि सोबत दिसणारी गोष्ट यांतली गल्लत, अजून काय.

बजेट कमी असेल तर चकाकीपेक्षा फ्लँज बघा. पातळ फ्लँज तापून वाकतो आणि गळती होते. ती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो. माइल्ड स्टील स्वस्त, पण सातपुड्याच्या पावसात गंजणार. ३०४ स्टेनलेस टिकतं, मात्र तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, म्हणून वेल्डिंग कच्चं असेल तर तडे जातात. जाड फ्लँजचा साधा हेडर आणि नवं गॅस्केट, मी तरी हेच घेईन.

आणि हो, आधी गाडीखाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे ते बघा. तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असेल तर हेडर बसवताना तोही जातो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषण-आवाजाच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ही अडचण हमखास भेटते. काही नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे विषयच संपला.

आता मूळ मुद्दा. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात नुसत्या हेडरने मिळणारा फरक थोड्याच टक्क्यांचा. हवा २७ वरून ३७ अंशांवर गेली की तिची घनता तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे सकाळी जुन्या मॅनिफोल्डवर आणि दुपारी नव्या हेडरवर चाचणी घेतलीत तर हेडरचा फायदा उन्हातच गेला. तोरणमाळला, सुमारे ११५० मीटर उंचीवर, घनता समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरते; तिथलं रीडिंग शहाद्याच्या रीडिंगशी लावून काहीच कळणार नाही. शिवाय आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं, म्हणून 'वाटतं'ला वहीत जागा नाही.

रस्त्याचा एकच सपाट, मोकळा तुकडा धरा. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० आरपीएमला किती सेकंद लागतात ते ओबीडीवरून नोंदवा. चढ-उताराचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांना, निदान पाच-पाच वेळा. पेट्रोल, टायरमधली हवा, गाडीतली माणसं तीच, तापमान वहीत. समजा जुन्या मॅनिफोल्डवरच्या रीडिंगमध्ये आपसांतच ०.३ सेकंदांचा फरक पडतोय, आणि हेडरनंतर सरासरी ०.१ ने सुधारली. तर अजून काहीही सिद्ध झालेलं नाही, रीडिंग वाढवा. मित्राला मी सांगितलंय, ऑर्डर देण्याआधी जुन्या मॅनिफोल्डवरची दहा रीडिंग मला पाठव. चार आली आहेत.