वारा वेगळा, गारवा वेगळा

एप्रिल लागला की आमच्या बावधनमधल्या गॅरेजांपुढे एक वाक्य हटकून कानावर पडतं, ‘एसी चालत नाही, जरा गॅस भरून द्या.’ म्हणजे आजारही गिऱ्हाइकानंच सांगायचा आणि औषधही त्यानंच. मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला कळतं ते ऐकून, पाहून आणि मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून. पण शब्द चुकीच्या जागी पडला की मला टोचतो, आणि या वाक्यात तो पडलेला आहे. ‘एसी’ या दोन अक्षरांत आपण दोन निराळी यंत्रं कोंबून बसवतो. एक वारा देतं, दुसरं गारवा. ती एकमेकांच्या मदतीनं चालतात, पण बिघडतात बहुधा आपापल्या कारणांनी. माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक म्हणूनच बोनटला हात लावण्याआधी विचारतो, ‘सर, कूलिंग नाही, की हवाच नाही?’ निम्मं निदान या प्रश्नातच आहे.

आधी वाऱ्याचं पाहू. डॅशबोर्डच्या आत, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, एक लहानशी विजेची मोटर असते आणि तिच्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा. हा ब्लोअर. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी दिसते तिथून तो बाहेरची हवा ओढतो. आता गाडी गुलमोहराखाली उभी करण्याची आपली हौस पाहा. गुलमोहराची पानं मोहरीहून थोडी मोठी. ती जाळीतून सुखेनैव आत जातात आणि केबिन फिल्टरवर थर धरतात. त्यात बावधनला बांधकामांची आणि बायपासची धूळ भरपूर. काही महिन्यांत फिल्टरची गोधडी होते. पंखा जिवाच्या आकांतानं घोंघावतो आणि झरोक्यातून मात्र फुंकर येते. ही तक्रार गॅसची नव्हे. फिल्टर बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्स उतरवला की हाताला लागतो, आणि तो काढून उजेडासमोर धरला की आणखी कुणाला विचारावं लागत नाही. (काही जुन्या, स्वस्त गाड्यांत फिल्टरच नाही, तिथे पानं थेट पंख्यात आणि कॉइलवर जातात.)

दुसरी खूण तर इतकी नेमकी आहे की मला ती फार आवडते. पंखा एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर एकदम सुसाट. मोटर ठीक असल्याशिवाय चारवर चालणार नाही. म्हणजे बिघाड तिच्या अलीकडे. हातानं वेग बदलायच्या गाड्यांत कमी वेगांसाठी वीज रेझिस्टर नावाच्या एका लहान भागातून वळवतात. तो थोडी वीज उष्णतेच्या रूपात खाऊन टाकतो आणि पंखा हळू फिरतो. शेवटच्या वेगाला वीज त्याला वगळून सरळ मोटरला जाते. रेझिस्टर जळला की फक्त शेवटचा वेग उरतो. आणि गंमत अशी, की हा तापणारा भाग मुद्दाम पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेला असतो, थंड राहावा म्हणून. फिल्टर तुंबला की वारा घटतो, वारा घटला की रेझिस्टर तापतो. मोटर जुनी होऊन जड फिरत असेल तर ती वीजही जास्त ओढते. म्हणून नुसता रेझिस्टर बदलून गाडी परत देणारा मेकॅनिक अर्धंच काम करतो. फिल्टर, मोटर आणि रेझिस्टरचा प्लग वितळलाय का, हे तिन्ही पाहायला सांगावं.

पंखा कुठल्याच वेगाला हलत नसेल तर पहिला मान फ्यूजचा. जळलेला फ्यूज बदलावा, पण तेवढ्याच अँपिअरचा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे जळण्याचं काम फ्यूजकडून काढून वायरिंगकडे सोपवणं. फ्यूज शाबूत असेल तर ग्लोव्ह बॉक्सखाली मोटरवर मुठीनं हलकेच ठोकून पाहतात. ठोकल्यावर पंखा चालू झाला तर मोटरचे कार्बन झिजलेत असं समजावं. हा इलाज नव्हे, ही फक्त नाडीपरीक्षा. मात्र त्या भागात पिवळ्या वेष्टणाच्या वायरी दिसल्या तर हात आवरावा. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

आता गारवा. माठातलं पाणी झिरपतं, उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. गाडीतही तत्त्व हेच. गॅस कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि डॅशबोर्डमधल्या हवेची उष्णता शोषतो. फरक एवढाच, की माठातलं पाणी उडून जातं म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीतला गॅस बंद नळ्यांत फिरतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा पुन्हा द्रव करतो, आणि तो परत कॉइलकडे जातो. श्रोतेहो, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं आजचं बोलणं वसूल झालं : गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बऱ्याच वर्षांत रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो, ते सोडा. दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर तो कुठून तरी गळतोय. गॅसबरोबर तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या सांध्यावर पुष्कळदा तेलकट, धुळकट डाग दिसतो. आधी गळती शोधायची, मग नळ्यांतली हवा आणि दमट पंपानं काढायची, आणि मग गॅस वजन करून भरायचा. किती, ते बोनटखालच्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान गाडीत अर्धा किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. अंदाजानं जास्त भरला तरी गारवा घटतोच. शिवाय गळणारा गॅस जातो आभाळात. जुना आर-१२ ओझोनचा थर खात असे. त्या जातीच्या वायूंचं उत्पादन भारतानं, काही औषधी उपयोग वगळता, २००८ मध्ये थांबवलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला सोडतो, पण वजनास वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपट उष्णता धरून ठेवतो.

वारा जोरात, पण कोमट असेल तर एसीचं बटण दाबून कान द्या. बऱ्याच गाड्यांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनचा सूर किंचित बदलतो. कॉम्प्रेसर कामाला लागला. (नव्या काही गाड्यांत हा ‘टक्’ नसतोच.) गॅस फार कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. आणि गाडी पळताना गार, थांबली की गरम, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहा. पळत्या गाडीला समोरचा वारा फुकट मिळतो, थांबलेलीला नाही. आमच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. त्याआधीच्या कोंडीत हा आजार दहा मिनिटांत उघडा पडे. आता त्यासाठी शहरात थोडं आत जावं लागतं.

हे सगळं चैनीचं वाटेल. सरकारला तसं वाटत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. पण मला सांगायचं आहे ते पावसाबद्दल.

एका मे महिन्यात आमच्या गाडीतला वारा मंदावला. एका गॅरेजनं गॅस कमी असल्याचं सांगून गॅस भरला. वारा तेवढाच मंद. पुढे जुलैत आम्ही ताम्हिणीला निघालो. भूगाव, पिरंगुट, पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसू लागलं आणि पाऊस असा, की वायपर दमले. तेवढ्यात पंखा बंद पडला. बंद गाडीत चार माणसांचे श्वास. मिनिटभरात समोरची काच दुधाळ झाली. गाडी मुलगी चालवत होती. ती एवढंच म्हणाली, ‘अब्बा, मला रस्ता दिसत नाहीये.’ समोरून एसटी येत होती, तिचे दोन दिवे पसरून चार झाले होते. काचा खाली केल्या, पाऊस अंगावर घेतला, हिनं ओढणीनं काच पुसली आणि गाडी कशीबशी कडेला आली. परतताना पौडला मेकॅनिकनं दाखवलं : फिल्टरवर गुलमोहराच्या पानांची चटई, आणि रेझिस्टरचा प्लग वितळून काळा. गॅसला काही झालंच नव्हतं.

काच धुकते ती श्वासातल्या ओलाव्यानं. एसी हवेला गार करताना तिच्यातलं पाणी कॉइलवर काढून घेतो, आणि ती कोरडी हवा पंखा काचेवर सोडतो. हवा सुकवणं ही या यंत्राची उपरी करामत नव्हे, तो त्याचा जन्मजात धर्म आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ज्या कारखान्यासाठी आपली यंत्रणा आखली, तो छापखाना होता. दमट हवेनं कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. माणसांना गार करण्याचा विचार नंतरचा. छापील शब्दांवर पोट असलेल्या मला हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो.

तेव्हा मे संपायच्या आत फिल्टर पाहावा. वायपरखालची जाळी हातानं साफ करावी. पंख्याचे सगळे वेग काचेच्या दिशेला लावून बघावेत. पावसात एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घेणारं बटण लावावं. आतलीच हवा फिरवत राहिलं तर एसी जरा कमी पडला की काच धुकतेच. धुकं बाहेरच्या बाजूनं आलं असेल तर काच फार गार झाली आहे. वायपर फिरवावा आणि गारवा थोडा कमी करावा. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका, कॉइलवरचं पाणी योग्य वाटेनं जातंय. तेच पाणी पुढे डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशी आलं तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे, आणि ती मोकळी करायला गॅसचा कणही लागत नाही.