निवृत्तीनंतरचे घर

आपल्या निर्णा भागात नोकरदार माणूस घर बांधायला काढतो तो बहुधा निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली म्हणजे. फंडाचा हिशेब लागलेला असतो, मुले बीदर, हैदराबाद, पुणे अशी पांगलेली असतात आणि वडिलोपार्जित घर पावसाळ्यात ठिबकू लागलेले असते. मात्र नव्या घरात पुढची वीस-पंचवीस वर्षे कोण राहणार, हा प्रश्न नकाशा काढताना क्वचितच विचारला जातो. नकाशा निघतो तो दिवाळीला चार दिवस येणाऱ्या मुलांसाठी : खाली बैठक, वर दोन खोल्या, पुढे सज्जा. राहायची असतात दोघेच, आणि दोघांचेही गुडघे कुरकुरू लागलेले असतात.

आमच्या घरी असाच नकाशा आला तेव्हा वडिलांना तो पसंत पडला. आईने एवढेच विचारले, "हा जिना कोण चढणार?" त्या प्रश्नापायी मी थोडे वाचले, गवंड्यांशी बोललो. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम जुन्या घराविषयी. आपली जुनी घरे माळवदाची. कन्नड विभागातील मित्र त्यालाच 'माळिगे' म्हणतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. मातीतून ऊन सावकाश उतरते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी माळवदाखाली डोळा लागतो. पण या मातीचे वजन किती? एक घनमीटर माती साधारण १६ क्विंटल भरते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर थर म्हटला तरी ५४ क्विंटल होतात. पुन्हा दर दोन-तीन वर्षांनी गळती थांबवण्यासाठी वर नवी माती पडते, जुनी कोणी काढत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला तो अशाच घरांवर. त्यापूर्वी तो मुलूख भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. धक्का आपल्याकडेही जाणवला. आई अजून ती पहाट सांगते. हजारो माणसे दगावली, त्यात दोष एकट्या छताचा नव्हता. दोन-दोन फूट जाड भिंती म्हणजे वास्तविक दोन पातळ भिंती, मधे बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच तोंडे सुटली आणि भिंत ढासळली. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तेथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत.

म्हणून जुनेच घर ठेवायचे असेल तर वरची जादा माती उतरवणे आणि भिंतीत ठिकठिकाणी आरपार बांधणारे दगड बसवणे, ही दोन कामे रंगरंगोटीच्या आधीची. नवे बांधायचे तर दारांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सलग फिरणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा हवाच. म्हाताऱ्या माणसाला रात्री घराबाहेर धावणे जमत नाही. त्याचे घरच उभे राहिले पाहिजे.

पाया जमिनीवर ठरतो. बीदरच्या पठारावर जांभा आणि लाल माती आहे. तेथे फारशी अडचण नाही. काळ्या जमिनीत मात्र पाया खाली मुरमापर्यंत न्यावा आणि जोत्यात काळी माती भरू नये. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फरशी कुठे अर्धा इंच उचलली जाते. तरुण पायाला ते कळतही नाही. सत्तरीतला पाय तेथेच अडखळतो.

जोत्याची उंची ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट. परंतु चाकाची खुर्ची चढायची तर एक इंच उंचीला बारा इंच लांब उतार लागतो. दीड फूट जोत्याला अठरा फूट उतार ओसरीच्या कडेने बसतो. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट कोठून आणणार? दारे तीन फूट रुंद असावीत. उंबऱ्यावरून आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. शेवटी आत उंबरे नाहीत आणि मुख्य दारात फरशीच्या सपाटीलाच वेगळ्या रंगाचा दगड, असे ठरले. हळदीकुंकू त्यावरही वाहता येते.

सर्वांत जास्त विचार न्हाणीघर व संडासाचा करावा, आणि आपण नेमका तेथेच सर्वांत कमी करतो. परसातला संडास झोपण्याच्या खोलीला लागून आत आणावा. बैठक खुर्चीच्या उंचीची, शेजारच्या पक्क्या विटेच्या भिंतीत धरायला नळी. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. खाली आपली शहाबादी फरशी उत्तम, पण घासून गुळगुळीत केलेली नव्हे. बैठकीत चकाकणारी फरशी आणि न्हाणीत शिल्लक तुकडे, ही आपली रीत उलटी करायला हवी.

उजेडाचेही तसेच. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या सुमारे तिप्पट उजेड लागतो. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून येणारे ऊन त्या दिवसांत म्हाताऱ्या हाडांना हवेसे वाटते. दक्षिणेला खिडकीच नको म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा छत तापते. स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि पश्चिमेला लिंब लावावा. लिंब आधी लावावा, घर मागून बांधावे, हे उत्तम.

ओसरी मात्र सोडू नये. तीही रस्त्याकडे तोंड करून, बसायला कट्टा असलेली. किल्लारीनंतर वसवलेल्या नव्या गावांत रस्ते रुंद झाले, प्लॉट सुटे झाले आणि शेजार लांब गेला. दोघेच राहणाऱ्यांना दिवसातून चार माणसांनी "जेवण झालं का?" विचारणे, हे औषधाइतकेच लागते. सकाळी कट्ट्यावर माणूस दिसला नाही तर कोणीतरी डोकावून पाहते.

आमचा नकाशा आता एकमजली आहे. वडिलांनी तरीही पुढेमागे माडी चढवण्यासाठी खांबांच्या सळया स्लॅबवर सोडायला सांगितल्या आहेत. आईने हरकत घेतली नाही. त्या सळयांना दोरी बांधून पापड वाळत घालता येतील, असे तिचे म्हणणे आहे. पण त्यासाठी वर जायला जिना लागेल, हे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.