अठ्ठ्याहत्तर अंश पंचेचाळीस मिनिटं

पांढुर्णा आणि सौंसर यांच्यातलं हवाई अंतर तीसेक किलोमीटर. दोन्ही गावं मध्य प्रदेशात, दोन्हीकडे घराघरांत मराठी, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. ५ ऑक्टोबर २०२३ पासून तर छिंदवाड्यातून वेगळी निघून दोन्ही एकाच, पांढुर्णा जिल्ह्यात आली आहेत. पण 'जिओहॅश' नावाच्या पद्धतीला विचाराल, तर पांढुर्णा द्वारकेच्या चौकोनात आहे आणि सौंसर जगन्नाथपुरीच्या. पांढुर्ण्याचा संकेत सुरू होतो 'टी-ई-झेड-एफ' असा, सौंसरचा 'टी-जी-बी-५' असा. दुसऱ्याच अक्षराला फारकत! मुंबई, पुणे आणि द्वारका पांढुर्ण्याबरोबर 'टी-ई'मध्ये. नागपूर, विशाखापट्टणम आणि पुरी सौंसरबरोबर 'टी-जी'मध्ये.

नकाशांचा नाद मला फार जुना. घरची मंडळी त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात. पण पृथ्वीला जाळ्यात पकडून तिच्या प्रत्येक तुकड्याला नाव देण्याच्या ज्या पद्धती गेल्या पंधरा-वीस वर्षांत निघाल्या, त्या समजून घ्यायला या दोन गावांइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. कारण प्रत्येक जाळं या जोडगोळीला वेगळ्या तऱ्हेनं तोडतं किंवा जोडतं.

आधी जिओहॅशचं बघू. ही पद्धत ब्राझीलच्या गुस्ताव्हो निमेयर यांनी २००८ साली इंटरनेटवर आणली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. तिच्या मुळाशी असलेली युक्ती मात्र १९६६ची, आयबीएममधल्या जी. एम. मॉर्टन यांची. युक्ती अशी, की पृथ्वी पुन्हा पुन्हा अर्धी करत जायची. एकदा उभी, एकदा आडवी. जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या अर्ध्यात असेल तर एक, नाहीतर शून्य. अशा पाच उत्तरांचं मिळून एक अक्षर होतं. रेखांशाचे काप कुठे पडतात ते पाहा. पहिला ग्रिनिचवर, शून्य अंशाला. आपण पूर्वेला, म्हणून पुढचा ९० अंशांवर. मग ४५, मग ६७.५. आणि पाचवा काप ७८.७५ अंशांवर, म्हणजे ७८ अंश ४५ मिनिटांवर. सगळ्या पृथ्वीच्या वाटणीतला हा पाचवा उभा काप सौंसरच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवरून, संत्र्यांच्या बागांमधून जातो.

याचा व्यवहारात उपद्रव होतो. संगणक असे संकेत अकारविल्हे लावून ठेवतो. 'टी-ई-झेड-एफ'नं सुरू होणारं सगळं द्या म्हटलं, की तो पान उघडून सलग ओळी वाचतो. लाखो नोंदींतून जवळच्या नोंदी झटक्यात सापडतात त्या यामुळेच, आणि म्हणूनच ही पद्धत इतकी पसरली. पण अर्थ एकाच बाजूनं खरा आहे. सुरुवात सारखी असेल तर जागा जवळ असतातच. जागा जवळ असल्या म्हणून सुरुवात सारखी असेलच असं नाही. रेघेच्या पश्चिमेच्या बागेत उभं राहून आसपासची नर्सरी शोधली आणि प्रणाली लिहिणाऱ्यानं फक्त सुरुवातीची अक्षरं जुळवली असतील, तर धुऱ्यापलीकडची नर्सरी यादीत येणार नाही. वीस किलोमीटरवरची पांढुर्ण्याकडची येईल. उपाय साधा आहे. आपल्या चौकोनाबरोबर भोवतालचे आठही चौकोन तपासायचे. तज्ज्ञांना तो पाठ असतो, तरीही घाईत बांधलेल्या प्रणालींत तो हमखास राहून जातो.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या विषयाकडे येतो. ही रेघ जिओहॅशच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पत्रकांत ७६ ते ८० अंश पूर्व आणि २० ते २४ अंश उत्तर एवढ्या मुलखाला ५५ हा क्रमांक. त्याचे एकेक अंशाचे सोळा चौकोन, ए पासून पी पर्यंत, वरून खाली आणि मग पुढचा स्तंभ. त्यातला ७८ ते ७९ पूर्व, २१ ते २२ उत्तर हा चौकोन म्हणजे '५५ के'. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, एक इंचाला एक मैल या मापाचे. पुढे दशमान पद्धत आल्यावर एकास पन्नास हजार. पांढुर्णा पडतं '५५ के/१०'वर आणि सौंसर '५५ के/१४'वर. दोन पत्रकांची शिवण कुठे? ७८ अंश ४५ मिनिटांवर! ३६० अंश पाच वेळा निम्मे केले की ११.२५ अंशांचे पट्टे होतात, आणि अशा सात पट्ट्यांचं टोक पाव अंशाच्या रेघेवर येऊन पडतं. हा योगायोग गणितानं सुटतो, पण पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत पत्रकं पसरून बसलो होतो.

ही पत्रकं हातात घेऊन पाहण्यासारखी असतात. तपकिरी समोच्च रेषा, निळी जाम नदी आणि कन्हान, पिवळी वावरं, हिरवं जंगल, विहिरींचे निळे ठिपके. भूशास्त्रज्ञांचं कामही याच चौकोनांवर चालतं. मँगेनीज पोटात बाळगणाऱ्या इथल्या खडकांना एल. एल. फर्मर यांनी सौंसरचंच नाव दिलं, आणि ते नाव आता नागपूर-भंडारा-बालाघाटपर्यंतच्या खडकांना लागतं. असो. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी वेगळी पत्रकमाला निघाली. तिच्यात '५५ के'चं नाव झालं 'एफ ४४ एम', आणि आपली पत्रकं 'एफ ४४ एम १०' व 'एफ ४४ एम १४'. चौकोन तोच, नाव आंतरराष्ट्रीय वळणाचं.

या सगळ्याचा पाया ज्यांनी घातला, त्यातला एक माणूस इथून फार लांब नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमापनी सुरू केली, ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासची साखळी ओढत ते उत्तरेकडे निघाले, आणि २० जानेवारी १८२३ला वर्धेकडच्या हिंगणघाटला वारले. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. एव्हरेस्ट यांच्या १८३०च्या गणितातली पृथ्वी आणि आजच्या जीपीएसची पृथ्वी आकारानं थोडी वेगळी, केंद्रही वेगळं. त्यामुळे जुन्या पत्रकावरची ७८ अंश ४५ मिनिटांची रेघ आणि मोबाइलमधली ७८.७५ची रेघ जमिनीवर एकत्र येत नाहीत. मी गणित मांडलं तर पत्रकाची रेघ सुमारे १४० मीटर पश्चिमेला निघाली. म्हणजे एका शिवणीच्या दोन शिवणी, आणि मध्ये एखाद्या बागेचा पट्टा.

तो पट्टा पाहायला गेलो नसतो तर मला चैन पडलं नसतं. पांढुर्ण्याहून सौंसरच्या रस्त्यानं, जिथून लोक जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमानाला जातात, त्या बाजूनं निघालो आणि मोबाइलवर आकडे चालू ठेवले. ७८.७४९ झाल्यावर गाडी कडेला लावून धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो. आंबिया बहाराची फळं झाडांवर होती, हिरवीगार, लिंबापेक्षा जरा मोठी. पडद्यावर ७८.७४९९८, मग ७८.७५००१, आणि एका पावलात 'टी-ई-झेड'चं 'टी-जी-बी' झालं. मागचीही सगळी अक्षरं बदलली. कारण रेघेच्या अलीकडे रेखांशाची उत्तरं ओळीनं 'एक' येत होती, पलीकडे ओळीनं 'शून्य'. बागेचे मालक लांबून बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "काय मोजून राह्यले, भाऊ? फोर लेन येऊन राह्यला का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मी काय बघतोय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग खसऱ्यात काई फरक?" पटवाऱ्याच्या खसऱ्यात काही फरक नाही म्हटल्यावर त्यांचा या विषयातला रस संपला.

बाकीची जाळी आता भराभर. गूगलच्या झुरिक कार्यालयात तयार झालेले 'प्लस कोड' २०१५च्या सुमारास आले. त्यांची पहिली चार चिन्हं आपल्या भागासाठी '७-जे-एच-डब्ल्यू' आणि हा चौकोन म्हणजे तंतोतंत एक अंशाचा, आकड्यांनी पुन्हा आपला '५५ के'च. इथे पांढुर्णा-सौंसर एकत्र नांदतात. पूर्ण दहा चिन्हांत जागा सुमारे १४ मीटरच्या चौकोनापर्यंत येते. पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स'नं वस्त्यांमधल्या घरांना पत्ते देताना हेच कोड वापरले. लंडनच्या 'व्हॉट थ्री वर्ड्स'ची तीन शब्दांची पद्धत मराठीतही मिळते, ऐकायला गोड आहे. पण कोणता शब्द कुठे हे एका कंपनीच्या ताब्यात. पत्ता ही खासगी मालकीची चीज असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गूगलचंच 'एस टू' पृथ्वी एका घनाच्या सहा बाजूंवर पसरतं आणि डेव्हिड हिल्बर्ट यांच्या १८९१च्या वळणदार रेषेनं तुकड्यांना क्रमांक देतं. त्यामुळे लागोपाठच्या क्रमांकांचे तुकडे शेजारी-शेजारीच राहतात. २०१७ साली ओजीसी या मानक संस्थेनं जागतिक जाळ्यांसाठी मानकही ठरवलं.

'डिजिपिन' मात्र थोडं थांबून पाहावं. टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर ते तयार केलं आणि मे २०२५मध्ये लोकांसमोर आणलं. हे जागतिक नाही. भारत आणि भोवतालचा समुद्र झाकणारा ३६ अंशांचा चौकोन, त्याचे दर पायरीला सोळा तुकडे, दहा पायऱ्यांत सुमारे चार मीटरची जागा. पांढुर्णा '३-पी-५', सौंसर '३-पी-७'. आकडे वळसे घेत मांडले आहेत, म्हणून लागून येणारी चिन्हं सहसा शेजारी असतात. ५ आणि ७ इथे कोपऱ्याला कोपरा लावून बसतात. पण माझा जीव अडकतो जुन्या पिनकोडात. तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू केला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, संस्कृतच्या पंडितानं. पांढुर्ण्याचा ४८०३३४, सौंसरचा ४८०१०६, नागपूरचा ४४०पासून. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची सीमा या गावांच्या दक्षिणेला आखली गेली, पण वेलणकरांचा पहिला आकडा ४ महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांनाही एकाच विभागात धरतो.

या सीमेमुळेच मला षट्कोनी जाळं या भागासाठी सगळ्यात कामाचं वाटतं. 'एच थ्री' हे जाळं उबर कंपनीनं २०१८ साली सर्वांसाठी खुलं केलं. वीस पृष्ठांच्या घनाकृतीवर आधारलेलं, सर्वांत ढोबळ पायरीला १२२ तुकडे, त्यातले १२ पंचकोन. नुसत्या षट्कोनांनी गोल झाकता येत नाही, म्हणून हे बारा. आणि ते सगळे समुद्रात येतील अशी मांडणी केली आहे. पोळ्यातल्या घरांसारखे हे तुकडे सहाही शेजाऱ्यांना सारख्याच अंतरावर असतात. चौकोनाचे चार शेजारी जवळ, चार तिरके आणि लांब. मोजणी आणि पसरण पाहताना हे त्रासाचं ठरतं. सातव्या पायरीला षट्कोन सुमारे ५ चौरस किलोमीटरचा, नवव्या पायरीला साधारण साडेदहा हेक्टरचा. खोट एकच: सात लहान षट्कोन मोठ्यात काठोकाठ बसत नाहीत, कडेला थोडं इकडचं तिकडे जातं. बागेच्या पातळीवर त्यानं बिघडत नाही.

संत्र्यावरच्या कोळशीचंच उदाहरण घ्या. काळी माशी पानांचा रस शोषते, चिकट गोड द्रव सोडते, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड काजळी फासल्यागत दिसतं. ही माशी वरुड, नरखेड, पांढुर्णा, सौंसर असा भेद करत नाही. आपल्या नोंदी मात्र करतात. महाराष्ट्रातली नोंद तालुका आणि महसूल मंडळानुसार, मध्य प्रदेशातली तहसील आणि पटवारी हल्क्यानुसार. आकार वेगळे, नावं वेगळी, आणि राज्याची हद्द आली की नकाशा पांढरा. दोन्हीकडच्या नोंदी एकाच षट्कोनी जाळ्यात टाकल्या तर कोळशी कुठल्या बाजूनं सरकते आहे ते महिन्याच्या महिन्याला दिसेल. मंडळाची हद्द बदलली, जिल्हा नवा झाला, तरी षट्कोन जागचा हलत नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा छिंदवाड्याच्या जुन्या आकडेवारीची नवी विभागणी करावी लागली. जाळ्यातल्या आकड्यांना ती करावी लागली नसती. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारनं भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध सैल केले आहेत, तेव्हा परवानगीचं जुनं कारणही आता पुरेसं नाही.

म्हणून पांढुर्णा, सौंसर, वरुड, मोर्शी, नरखेड, काटोल इथल्या बागायतदारांना आणि तिथल्या कृषी महाविद्यालयांतल्या मुलांना एक विनंती. कोळशी, डिंक्या, फळगळ, विहिरीची पातळी, काहीही टिपताना तारखेबरोबर मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा; तेवढ्यानं जागा साधारण एका मीटरपर्यंत पक्की होते. नुसता कोड लिहून भागवू नका. अक्षांश-रेखांशावरून जिओहॅश, प्लस कोड, डिजिपिन, षट्कोन, '५५ के'चं पत्रक, काहीही केव्हाही काढता येतं. कोडवरून मात्र फक्त तुकडा कळतो, त्यातली नेमकी जागा नाही.